भंगाराचें दाबयंत्र

आमच्या पुतण्यानें भंगारांतून लोखंडी चॅनेल आणून परसांत दाबयंत्र उभें केलें: दोन खांब, दोन तुळया, मध्यें वीस टनी जॅक. घट्ट बसलेलीं बेअरिंगें काढणें हा हेतु.

यामागील तत्त्व फ्रेंच पंडित पास्कल यानें सतराव्या शतकांत सांगितलें. कोंडलेल्या द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोहोंचतो. म्हणून वीसपट क्षेत्रफळाचा दट्ट्या वीसपट जोर देतो. मात्र सरकतो विसाव्या हिश्श्यानेंच. १७९५ सालीं इंग्लंडांत जोसेफ ब्रामा यानें अशा यंत्राचें पेटंट घेतलें.

पहिल्याच प्रयत्नांत वरची तुळई वांकली. सुदैवानें मुलें दूर होतीं. जॅक खालीं जितका जोर लावतो, तितकाच वर चौकटीवर पडतो. त्यांतून चॅनेल आडवा निजविलेला! तोच कडेवर उभा केला असतां कैकपट भार सोसतो. आतां दोन चॅनेल पाठीस पाठ लावून बोल्टांनीं आवळले आहेत. बेअरिंग फुटल्यास तुकडे उडतात, म्हणून समोर जाड पत्राहि बसविला आहे.

क्रिया व प्रतिक्रिया समान असतात, हें मीं तीस वर्षें फळ्यावर लिहिलें. तुळई चढवितांना मात्र तें मला आठवलें नाहीं. वाचकहो, पाठांतर आणि विद्या यांतील अंतर तें हेंच!