लातूरच्या लक्ष्मीमागचा जर्मन

लातूरच्या जुन्या आडत दुकानांत गादीच्या मागे आणि नांदेडकडच्या माळवदाच्या घरांत ढेलजेत किंवा देवघरात एक लक्ष्मी असते. चार हातांची, कमळावर उभी, तांबूस पातळ नेसलेली. घरातले सांगतात, ‘रविवर्म्याची आहे.’ खरं आहे ते, पण निम्मंच. चित्र राजा रविवर्म्याचं. घरोघरी पोचलेली प्रत मात्र बहुतेक वेळा फ्रिट्झ श्लायशर नावाच्या जर्मन छपाई कारागिराच्या छापखान्यातली.

या कथेची सुरुवात एका सल्ल्यात आहे. रविवर्म्याच्या चित्रांना मागणी इतकी, की एका हाताने ती पुरी होणं शक्य नव्हतं. तेव्हा त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेल्या सर टी. माधवराव यांनी त्याला चित्रांच्या छापील प्रती काढण्याचं सुचवलं. 1894 मध्ये गिरगावात छापखाना उभा राहिला. भाऊ सी. राजा राजा वर्मा सोबत होता, भागीदार गोवर्धनदास खटाव माखनजी. यंत्रं जर्मनीची, आणि ती चालवणारे जाणकारही तिथलेच. श्लायशर असा इथे आला.

कामही तसं जर्मनीचंच. शिळाछपाईचा शोध आलोइस झेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास बव्हेरियात लावला आणि त्यासाठी लागणारा उत्तम चुनखडीचा दगड तिथल्याच झोल्नहोफेनचा. दगडावर तेलकट खडूने चित्र उलटं काढायचं, दगड ओला करायचा, मग शाईचा रूळ फिरवायचा. पाणी शाईला अडवतं, तेलकट रेघ तिला धरून ठेवते. हे झालं एका रंगाचं. लक्ष्मीच्या गालावरची छटा, पातळाची घडी, पाण्यातलं प्रतिबिंब, या सगळ्यासाठी रंगागणिक वेगळा दगड, आणि तोच कागद दरवेळी नेमका त्याच जागी बसायला हवा. केसभर सरकला की देवीला दोन नाकं! त्यातून कागद हवेतला ओलावा पिऊन फुगतो. हे काम वर्षानुवर्षं नीट चालवणं म्हणजे नुसती यंत्रचालकी नव्हे, असं माझं मत आहे.

पुढे छापखाना घाटकोपरला गेला. 1896 पासून मुंबईत प्लेगने थैमान घातलं, माणसं शहर सोडू लागली, कर्ज वाढलं. 1899 मध्ये बिऱ्हाड मळवलीला हललं; कार्ला-भाजे लेण्यांच्या कुशीतलं, लोणावळ्यापुढचं स्टेशन. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी रविवर्म्याने छापखाना 89 चित्रांच्या हक्कांसह श्लायशरला 25,000 रुपयांना विकला. 1906 मध्ये रविवर्मा गेला. छापखान्याचं नाव मात्र श्लायशरने बदललं नाही. कारागिराचा हा व्यापारी शहाणपणा.

एरवी तो रविवर्म्याइतका हळवा नव्हता. पोस्टकार्डं, कॅलेंडरं, कापडाच्या गाठोड्यांची लेबलं, जे खपेल ते छापलं. एम. व्ही. धुरंधरांकडून नवी चित्रं करून घेतली. तरुण दादासाहेब फाळके या छापखान्यात काम करून गेले, मग लोणावळ्यात त्यांनी स्वतःचा छापखाना काढला, 1909 मध्ये छपाईचं तंत्र आणि यंत्रं पाहायला जर्मनीला गेले. त्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) या चित्रपटातले देव कुठून आले, हा प्रश्न इथे पडतोच.

लातूर-नांदेडकडे, म्हणजे तेव्हाच्या निजामाच्या मुलखात, ही चित्रं आली कशी? वाटा तरी तयार होत्या. मळवली मुंबई–पुणे लोहमार्गावरच. पुण्याहून कुर्डुवाडी, तिथून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून 1911 पासून थेट लातूर. मनमाड–हैदराबाद मार्ग झाल्यावर नांदेडही जोडलं गेलं. सरकी-कापसाचा माल जायचा त्याच वाटेने तसबिरी येत असाव्यात, असा माझा तर्क.

श्लायशर 1935 मध्ये वारला. पुढे कुटुंबाने छापखाना सांभाळला. 1972 च्या आगीत तो जळाला. रविवर्म्याने चालवला तो जेमतेम सात-आठ वर्षं, श्लायशर आणि त्याच्या माणसांनी किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

या छापखान्याचा इतिहास लिहायचा तर आता जमवायच्या त्या तसबिरीच. दिवाळीच्या साफसफाईत लक्ष्मी खाली उतरेल तेव्हा चित्राची खालची कड पाहा. कार्ला-लोणावळ्याचा पत्ता असेल तर छपाई 1899 नंतरची, म्हणजे बहुधा श्लायशरच्या काळातली. चौकटवाल्याने ती ओळ चौकटीखाली दाबली असेल, तर मागची खिळे ठोकलेली पाटी जपून काढा. कागद ठिसूळ झालेला असतो.