दोन जिवांची बाई आणि फ्लूची सुई

किहीम गाव समुद्राच्या कडेला आहे. शनिवार-रविवारी मुंबईची माणसे मांडव्याला उतरतात आणि इथे फिरायला येतात. गावची माणसेही कामासाठी अलिबागला, मुंबईला जातात. माणसांबरोबर आजारही ये-जा करतो. फ्लू हा असाच आजार आहे. खोकल्यातून, शिंकेतून तो एकाचा दुसऱ्याला होतो. पावसाळ्यात त्याचा जोर वाढतो.

फ्लू म्हणजे साधे पडसे नव्हे. १९१८ साली फ्लूची मोठी साथ आली. ती जहाजांतून मुंबईत उतरली. लोक तिला मानमोडी म्हणत. आपल्या देशात एक कोटीहून जास्त माणसे तिने नेली. २००९ साली स्वाइन फ्लू आला. पुण्यात पुष्कळ माणसे आजारी पडली. दोन्ही साथींत गरोदर बायांना जास्त धोका झाला.

असे का होते? पोटात बाळ वाढते, तशी फुप्फुसांना जागा कमी पडते. काळजाचे काम वाढते. त्यात फ्लू छातीत उतरला, तर बाईला धाप लागते. आईच्या जिवावर बेतते. बाळ दिवस भरण्याआधी जन्मण्याची भीती असते.

यावर लस आहे. ती दंडात टोचतात. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की फ्लूची लस देताना गरोदर बायांना सर्वांत आधी धरावे. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने गरोदर बायांना ती फुकट द्यायचे ठरवले.

मग पुष्कळ बाया ती का घेत नाहीत?

पहिले कारण साधे आहे. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. धनुर्वाताची सुई सगळ्या घेतात. का? नर्सबाई स्वतःहून सांगतात म्हणून. फ्लूच्या सुईचेही तसेच आहे. जिथे डॉक्टर, नर्सबाई नीट समजावून सांगतात, तिथे बाया ती घेतात.

दुसरे कारण भीती. "सुईनंच फ्लू झाला तर? पोराला काही झालं तर?" ही भीती खोटी आहे. गरोदर बाईला देतात त्या लशीत फ्लूचे जंतू मेलेले असतात. मेलेला जंतू आजार करीत नाही. दंड दुखतो, कधी एखादा दिवस कणकण येते, एवढेच. लस घेऊनही कोणाला फ्लू होऊ शकतो. पण जिवावर बेतण्याचा धोका कमी होतो.

तिसरे कारण घरातला शब्द. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी कुठं होत्या असल्या सुया? आमची बाळंतपणं झालीच की!" झाली, हे खरे. पण ज्या बाया तापाने गेल्या, त्या आज सांगायला नाहीत. म्हणून सुनेबरोबर सासूने आणि नवऱ्यानेही दवाखान्यात जावे. त्यांनीही ऐकावे, विचारावे.

चौथे कारण मजुरी. सुईसाठी दिवस मोडला, तर रोज बुडतो. म्हणून नेहमीच्या तपासणीच्या दिवशीच सुईचे विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. पण आईने गरोदरपणी ती घेतली, तर तिच्या रक्तातले बळ पोटातल्या बाळाला मिळते. जन्मल्यावर काही महिने ते त्याला पुरते. म्हणजे एका सुईत दोन जीव राखले जातात.

फ्लूचा जंतू रूप बदलतो. म्हणून मागच्या खेपेची सुई या खेपेला पुरत नाही. पावसाळा लागण्याआधी आशाताईंना विचारा, "फ्लूची लस आली आहे का? मला कधी मिळेल?" पूर्वी एखाद्या सुईने फार त्रास झाला असेल, तर तेही सांगा.

आणि गरोदरपणी ताप-खोकला आला, तर तो अंगावर काढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धाप लागली, तर घटकाभरही थांबू नका.

विचारायला पैसा पडत नाही. न विचारता राहिले, तर कधी फार मोठे मोल द्यावे लागते.