घर रिकामं आहे… म्हैस सोडून!

‘मॅडम, घर रिकामं आहे म्हणाला होतात ना? मग ही म्हैस कोणाची?’

मंगळवारची दुपार, हिंजवडीतलं ऑफिस, डोक्यावर क्लायंटचा कॉल आणि मोबाइलवर हा मेसेज. सोबत चार फोटो. पहिल्यात आमच्या किल्लारीच्या घराचा ओटा आणि ओट्याच्या खांबाला बांधलेली म्हैस. दुसऱ्यात पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला कडबा. तिसऱ्यात खिडकीतून आत आलेली, शेजारच्या घरातून ओढलेली विजेची वायर. आणि चौथ्यात मागच्या दाराचं कुलूप. नवंकोरं. आमचं नसलेलं.

मेसेज पाठवणारे गृहस्थ लातूरला शिक्षक. घर घ्यायचं म्हणून बघायला गेले होते. त्यांनी शेवटी एवढंच लिहिलं, ‘ताबा मोकळा असेल तरच बोलू.’

मी कॉल म्यूट केला आणि ताईला फोन लावला. ती हैदराबादला असते. तिची पहिली प्रतिक्रिया, ‘पोलिसांत जा!’ आईची प्रतिक्रिया, ‘आबांना आधी फोन कर.’ आमच्या घरातलं सगळं भांडण या दोन वाक्यांच्या मधे कुठेतरी होतं.

‘जरा लक्ष ठेवा’

बाबा २०१८ साली गेले. आई माझ्याकडे पुण्याला आली. शेत बटईने दिलं. घराला कुलूप लावलं, एक किल्ली शेजारच्या आबांच्या हातात दिली आणि म्हटलं, ‘जरा लक्ष ठेवा.’

विचार करा, किती सोयीचं वाक्य आहे हे! लक्ष ठेवा म्हणजे नेमकं काय? दार उघडून झाडायचं? पावसाळ्यात गळतंय का ते बघायचं? पाहुणे आले तर झोपवायचे? किती दिवस? काहीच ठरलं नव्हतं. सहा वर्षांत आम्ही तिथे तीनदा गेलो, तेही लग्नकार्याच्या निमित्ताने, उभ्या उभ्या. शेवटचं जाणं २०२१ मधलं. बाकी वेळ आम्ही ‘विकून टाकू या’ एवढंच बोलत होतो. आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या गावाकडच्या घराची हीच स्टोरी असेल. भाव आला की बघू, दिवाळीत बघू, ताई आली की बघू…

आपण बघत असतो. तोपर्यंत शेजारी वापरत असतात.

साडेचारशे चौरस फूट

आता हे घर कसलं, ते सांगायला हवं. किल्लारी म्हटलं की ऑफिसातले लोक एकच प्रश्न विचारतात, ‘तो भूकंप झाला होता तेच ना?’

हो, तेच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. जुनी घरं माळवदाची. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावर मातीचं जड छत. उन्हाळ्यात गार राहणारं तेच छत त्या पहाटे अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. त्यांत माझी आजी होती आणि मी कधीच न पाहिलेला माझा मोठा भाऊ होता.

माझा जन्म १९९६ चा. मी भूकंप पाहिलेला नाही, भूकंपानंतरचं गाव पाहिलंय. सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा पुनर्वसन कार्यक्रम राबवला. ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. घर किती मोठं मिळणार ते ठरलं जमिनीवर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४५० आणि त्याहून जास्तवाल्यांना ७५०. आम्ही मधल्या गटात.

त्यामुळे शेजारीही बदलले. जुन्या गावात शेजार गल्लीचा होता, भावकीचा होता. नव्या गावात रुंद, सरळ रस्ते आणि आखलेले प्लॉट आले. शेजार आला तो आकारमानाप्रमाणे. आबा जुन्या गावात आमच्या गल्लीतले नव्हतेच. त्यांची जमीन बाबांच्या गटात बसली, म्हणून ते आमचे शेजारी झाले. आणि मग वीस-बावीस वर्षं बाबांचा रोजचा चहा त्यांच्याच ओट्यावर झाला.

म्हणजे हे घर वडिलोपार्जित आहेही आणि नाहीही. आजोबांनी ते बांधलं नाही. आजी आणि दादा गेल्यावर ते आम्हाला मिळालं. आई त्याला अजूनही ‘भूकंपाचं घर’ म्हणते. त्या घरात म्हैस बघून तिला काय वाटलं असेल, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

‘पावत्या कुणाच्या नावावर?’

ऑफिसातल्या लीगल टीममधली एक मैत्रीण लंच टाइमला भेटली. फोटो बघून तिने डबा बाजूला ठेवला.

‘किल्ली कुणी दिली?’
‘आम्हीच.’
‘लिहून?’
‘छे! शेजारी आहेत ते.’
‘घरपट्टी कोण भरतं?’

मी गप्प. खरंच, कोण भरत होतं? सहा वर्षांत माझ्या डोक्यात हा प्रश्न एकदाही आला नव्हता!

मग तिने मला बारा वर्षांचा फंडा समजावला. मालकाचा हक्क उघडपणे नाकारून कुणी सलग बारा वर्षं खाजगी मिळकत ताब्यात ठेवली, तर ‘प्रतिकूल ताबा’ सांगून तो मालकीचा दावा करू शकतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात ही बारा वर्षं आहेत. असा ताबेदार नुसता बचावासाठीच नव्हे, तर स्वतः दावा लावण्यासाठीही हा मुद्दा वापरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं. माझा चेहरा पडलेला बघून तिने दुसरी बाजूही सांगितली. परवानगीने दिलेला ताबा नुसता वेळ गेल्याने प्रतिकूल होत नाही. आम्ही स्वतः किल्ली दिली होती, हीच आमची जमेची बाजू. फक्त ते सिद्ध करायला कागद नव्हता.

‘तू कुलूप तोडायला जाऊ नकोस,’ ती म्हणाली. ‘आधी पावत्या बघ.’

शुक्रवारी रात्री ट्रॅव्हल्स धरली. सकाळी लातूर, तिथून औसा, लामजना करत एसटीने किल्लारी. नोव्हेंबर २०२४. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी. रात्रभर मी मनातल्या मनात आबांशी भांडत होते. वाक्यं पाठ केली होती चक्क!

ओट्यावरची मीटिंग

म्हैस होतीच. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी परकी मीच वाटले.

आबांनी बाज टाकली, पाणी दिलं. मी पाठ केलेली वाक्यं काढायच्या आत तेच म्हणाले, ‘ते मास्तर येऊन गेलते. फोटो काढले त्यांनी.’

‘आबा, आम्हाला विचारायचं तरी.’

‘कुणाला इचारू, बाई? तुझा बाप असता तर इचारलं असतं. तुम्ही पोरी, तुम्हाला हितं कशाला यायचंय, असं वाटलं.’

इथे मात्र माझा पारा चढला. पोरींना कशाला हवंय घर! बाबांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. कायद्याने आई, ताई आणि मी तिघी सारख्याच वारस. महाराष्ट्राने तर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क १९९४ मध्येच दिला. केंद्राचा कायदा त्यानंतर, २००५ मध्ये आला. मी हे सगळं आबांना ऐकवलं. ते जमिनीकडे बघत ऐकत राहिले.

मग त्यांच्या सुनेने मला आत नेलं. त्यांच्या घरात. ४५० चौरस फुटांत तीन मुलं, तीन सुना, पाच नातवंडं आणि आबा. भूकंपानंतर एका कुटुंबाला एक घर मिळालं होतं. तेव्हा शाळेत जाणाऱ्या पोरांचेच आता संसार झाले, पण घर तेवढंच राहिलं. पुढे पत्र्याची पडवी काढून झाली. मागे पत्रा टाकून झाला. शेजारी अख्खं घर वर्षानुवर्षं बंद. पहिल्या वर्षी पावसात भिजतो म्हणून कडबा ठेवला. मग परीक्षेला नातू अभ्यासाला बसू लागला, म्हणून वायर ओढली. मग म्हैस. मग चोरीची भीती, म्हणून मागे कुलूप. एकेक पायरी ऐकली तर प्रत्येक साधीच. चार फोटोंत एकत्र बघितली तर थेट कब्जा!

‘घरपट्टी कोण भरतं?’ मी शेवटी विचारलंच.

आबांनी कोनाड्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत सहा वर्षांच्या सहा पावत्या. मी हात थरथरत नाव वाचलं. सहाही पावत्यांवर बाबांचंच नाव.

‘दुसऱ्या कुणाचं घालणार? घर त्याचं हाय,’ आबा म्हणाले.

त्यांनी एका शब्दाने कळवलं नव्हतं, ना म्हशीचं, ना पावत्यांचं. न विचारता घर वापरणारा आणि न मागता सहा वर्षं कर भरणारा माणूस एकच होता. ताईला फोनवर हे सांगितलं, तर ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, ‘तरी पण कुलूप काढायला सांग.’ तिचंही बरोबर होतं.

मग काय ठरलं?

त्या संध्याकाळी आम्ही तिथेच बसून साधा कागद लिहिला. घर आमच्या तिघींचं. किल्ली आम्ही परवानगीने दिलेली. वायर आणि म्हैस लगेच काढायची. कडबा हलवायला गुढीपाडव्यापर्यंत मुदत. दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. सही करताना आबांचा हात थांबला. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. मलाही वाटलं. पण तो कागद सहा वर्षं आधी लिहिला असता, तर कुणालाच वाईट वाटलं नसतं.

तुमचंही असं एखादं घर गावाकडे कुलपात असेल, तर माझ्या अनुभवातून एवढं नक्की करा :

● वारसनोंद आधी करा. सगळ्या वारसांच्या सह्यांशिवाय अख्ख्या घराची विक्री होत नाही, आणि बहिणीही वारसच असतात.

● ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढा. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा अंतिम पुरावा नाही. तरी नाव कुणाचं आहे ते कळतं. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे. तुमच्या गावाची मिळकत पत्रिका तयार असेल तर तीही घ्या.

● घर पुनर्वसनात मिळालेलं असेल, तर मूळ कागद नीट वाचा. आमच्याकडे त्याला कबाला म्हणतात. विक्रीवर काही अट आहे का, ते तहसील कार्यालयात विचारा.

● घरपट्टी आणि वीजबिल स्वतः भरा. पावत्या स्वतःजवळ ठेवा.

● कुणाला राहायला देणार असाल, तर लिव्ह अँड लायसन्स लेखी करा आणि नोंदवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने महाराष्ट्रात नोंदणी बंधनकारक आहे.

● कुणी संमतीशिवाय ताबा घेतला, तर कुलूप तोडू नका, पण गप्पही बसू नका. ताबा परत मिळवण्याचा एक झटपट दावा असतो आणि त्याला सहा महिन्यांचीच मुदत असते. वकील लगेच गाठा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘लक्ष ठेवा’ म्हणताना पुढचं वाक्यही बोला. काय चालेल, काय चालणार नाही, आणि कधीपर्यंत.

पाडव्याला सुनेने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. ओटा शेणाने सारवलेला, पुढची खोली मोकळी, मागच्या दाराला आमचं जुनं कुलूप. लातूरच्या मास्तरांनी तोवर दुसरीकडे घर घेतलं होतं. आता आबांचा धाकटा मुलगा विचारतोय, ‘ताई, मलाच द्या की.’ भाव तो कमी सांगतोय. ताई म्हणते, बाजारभावानेच द्यायचं. मी दोघांच्या मधे.

पावत्यांचे पैसे मी आबांना देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. म्हशीचं भाडं मीही मागितलं नाही. आईला विचारलं, तुझं काय मत? ती म्हणाली, ‘कुणालाही द्या. फक्त बंद ठेवू नका.’

पुढच्या महिन्यात आम्ही तिघी किल्लारीला जातोय. या वेळी उभ्या उभ्या नाही. चार दिवस राहायला.