रीसेटचं बटण दाबण्याआधी

नवरात्रात यवतमाळ शहर रात्रभर जागं असतं. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव पाहावा तो यवतमाळचाच, असं इथली माणसं अभिमानानं सांगतात. दारव्हा, नेर, आर्णी, घाटंजी, कळंबकडून देखावे पाहायला लोटणारी गर्दी पाहिली की तो अभिमान पटतो. या दिवसांत ज्यांच्यावर सगळ्यात जास्त ताण असतो, त्यांत बिछायत केंद्रांचे साऊंडवाले येतात. आरती सुरू व्हायच्या वेळी स्पीकर गप्प झाले, तर मंडळाचे कार्यकर्ते, पुजारी आणि समोरची सगळी गर्दी त्या एकाच पोराकडे पाहू लागते. त्याच्या रॅकमध्ये मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये एक चपटी पेटी असते. ती म्हणजे डिजिटल ऑडिओ सिग्नल प्रोसेसर. अशा वेळी गर्दीतून कुणीतरी हमखास सुचवतं, “रीसेट मार, चालू होईल.”

हा सल्ला घाईत ऐकू नये. प्रोसेसर स्वतः क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा दोष त्याच्या आजूबाजूच्या वायरीत, विजेत किंवा चुकून दाबल्या गेलेल्या एखाद्या बटणात असतो. फॅक्टरी रीसेटनं मात्र पेटीत साठवलेली सगळी मांडणी पुसली जाते, आणि त्या मांडणीवरच हजारो रुपयांच्या स्पीकरचा जीव अवलंबून असतो.

पेटीच्या आत काय चालतं

मिक्सरमधून आलेला आवाज हा विजेचा चढउतार असतो. प्रोसेसर तो सेकंदाला ४८,००० वेळा, काही मॉडेलमध्ये ९६,००० वेळा मोजतो आणि आकड्यांत बदलतो. मग आतली चिप त्या आकड्यांवर गणितं करते आणि शेवटी पुन्हा त्यांचा विजेचा चढउतार बनवून अ‍ॅम्प्लिफायरकडे पाठवते. ध्वनीचं गणित करणारी चिप घराघरात पोचली ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या ‘स्पीक अँड स्पेल’ या १९७८ च्या खेळण्यातून. आज तेच तंत्र लग्नाच्या मंडपात उभं आहे.

चिपची मुख्य कामं चार. पहिलं, वाटणी. शेतात पाटाचं पाणी दांडानं वेगवेगळ्या वाफ्यांना सोडावं, तसा प्रोसेसर आवाज विभागतो: साधारण १०० हर्ट्झच्या खालचा भाग बेसला, मधला मिडला, वरचा टॉपला. ही वाटणी बहुतेक ठिकाणी ‘लिंकविट्झ-रायली’ पद्धतीनं होते. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये काम करणाऱ्या झिगफ्रिड लिंकविट्झ आणि रस रायली या दोन अभियंत्यांची ही पद्धत १९७६ साली प्रसिद्ध झाली. जिथे दोन भाग एकमेकांना मिळतात तिथे दोन्हींची पातळी ६ डेसिबलनं खाली असते, त्यामुळे त्यांची बेरीज सपाट येते आणि आवाजात खड्डा किंवा उंचवटा राहत नाही. दुसरं काम इक्वलायझरचं, म्हणजे जागेनुसार आवाज सारखा करण्याचं. तिसरं डिले, म्हणजे लांबच्या स्पीकरला थोडं थांबवण्याचं. आणि चौथं, सगळ्यात मोलाचं, लिमिटरचं: ठरावीक पातळीच्या वर सिग्नल जाऊ न देण्याचं.

बिघाड येतो कुठून

यवतमाळसारख्या जिल्ह्यात बहुतेक तक्रारींचं मूळ विजेत असतं. लाईन जाते, जनरेटरवर बदल होतो, लाईन परत येते. त्या प्रत्येक क्षणी प्रोसेसरला झटका बसतो. मांडणी साठवली जात असतानाच वीज गेली, तर मेमरीतली नोंद अर्धवट राहू शकते आणि पेटी सुरू होताना अडकते. यावर साधा उपाय आहे. प्रोसेसर फार थोडी वीज खातो, त्यामुळे कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस त्याला आणि मिक्सरला पुरतो. अ‍ॅम्प्लिफायर मात्र त्या यूपीएसवर कधीही लावू नये.

दुसरं कारण प्रवास. छोट्या टेम्पोतून झरी जामणी किंवा महागावच्या आतल्या गावापर्यंत जाताना रॅक हादरत राहतो आणि आतल्या पट्टी केबल, बाहेरच्या कॅनन पिना ढिल्या होतात. तिसरं हवामान. नवरात्र परतीच्या पावसाच्या दिवसांत येतं. ओल धरलेली पेटी लगेच चालू करू नये. ती उघड्या, सावलीच्या जागी पूर्ण सुकू द्यावी. उन्हाळ्यात पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा बंद रॅकमधली उष्णता कपॅसिटरचं आयुष्य खाते, म्हणून रॅकची मागची बाजू मोकळी हवी.

जुन्या काही मॉडेलमध्ये मांडणी नाण्याएवढ्या ३ व्होल्टच्या सेलवर टिकते. रोज सुरू करताना मांडणी गायब दिसत असेल, तर आधी त्या सेलवर संशय घ्यावा. सेल बदलतानाही अशा पेटीतली मेमरी जाऊ शकते, म्हणून नोंद आधी, सेल नंतर. पेटी उघडायचं काम मात्र जाणकारानंच करावं. २३० व्होल्टवर चालणाऱ्या पॉवर सप्लायमधल्या मोठ्या कपॅसिटरवर, प्लग काढल्यानंतरही काही वेळ, सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब राहू शकतो.

दिवे काय सांगतात

प्रोसेसरच्या तोंडावरचे दिवे हीच दोष शोधण्याची खरी वाट आहे. आवाज ज्या क्रमानं जातो त्याच क्रमानं पाहावं: माईक, मिक्सर, प्रोसेसर, अ‍ॅम्प्लिफायर, स्पीकर.

इनपुटचा दिवा हलत नसेल, तर दोष प्रोसेसरच्या आधी आहे. मिक्सरचं आउटपुट किंवा मधली केबल तपासावी. इनपुट हलतोय पण आउटपुट गप्प आहे, तर दोष पेटीच्या मांडणीत असण्याची शक्यता मोठी: कुणी म्यूट दाबलं, चुकीचा प्रीसेट (साठवलेली मांडणी) उघडला, किंवा कोणत्या इनपुटमधून कोणतं आउटपुट निघतं ते बदललं. इनपुट आणि आउटपुट दोन्ही हलताहेत आणि तरी स्पीकर शांत, तर प्रोसेसरनं आपलं काम केलेलं आहे. पुढे अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर पाहावा. या शेवटच्या प्रकारात रीसेटनं काहीही साधत नाही, फक्त चांगली मांडणी हातची जाते.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम मोडू नये. घाईत केबल, चॅनल आणि प्रीसेट तिन्ही एकदम बदलले, तर आवाज आला तरी तो कशामुळे आला हे कळत नाही आणि दोष तासाभरानं परत येतो. संशयित केबल चांगल्या चॅनलवर लावावी. दोष केबलबरोबर सरकला, तर गुन्हेगार सापडला.

स्पीकरमधून हम, म्हणजे सतत घुमणारा आवाज, येत असेल, तर तो बहुधा ५० हर्ट्झच्या विजेचा आणि तिच्या पटीतल्या १०० हर्ट्झचा असतो. मिक्सर एका ठिकाणाहून आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या ठिकाणाहून वीज घेत असतील, तर दोन अर्थिंगमध्ये फरक पडून हा आवाज घुसतो. शक्यतो दोन्हींची वीज एकाच पॅनेलमधून घ्यावी, सिग्नलची केबल बॅलन्स्ड वापरावी, गरज पडली तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा. प्लगची अर्थिंगची पिन तोडून हम घालवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती जीवघेणी आहे. ओल्या मैदानावर, लोखंडी पाइपांच्या मंडपात, हातात माईक धरलेल्या माणसाचं रक्षण तीच पिन करते.

रीसेटच्या पायऱ्या

सगळं तपासून दोष पेटीतच आहे असं ठरलं, तरी रीसेटच्या पायऱ्या असतात आणि त्या खालून वर चढायच्या.

पहिली पायरी बंद करून चालू करण्याची. अ‍ॅम्प्लिफायर आधी बंद करावेत, मग प्रोसेसर. अर्धा मिनिट थांबावं, म्हणजे आतला उरलेला दाब उतरतो. चालू करताना उलट क्रम: मिक्सर, प्रोसेसर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. हा क्रम चुकला, तर सुरुवातीचा धक्का थेट स्पीकरच्या कॉइलवर जातो. अडकलेल्या पेट्या अनेकदा एवढ्यानंच सुटतात.

दुसरी पायरी म्हणजे साठवलेला प्रीसेट पुन्हा उघडणं. चालू मांडणी बिघडली असली, तरी साठवलेली प्रत बहुधा शाबूत असते.

तिसरी पायरी फॅक्टरी रीसेटची. प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलची पद्धत वेगळी असते: कुठे एखादं बटण दाबून ठेवून पेटी चालू करायची, कुठे मेनूतून जायचं. त्या मॉडेलची पुस्तिका मोबाईलमध्ये आधीच उतरवून ठेवावी. गावाच्या टोकाला, गर्दीच्या रात्री नेटवर्क मिळेलच असं नाही. आणि सॉफ्टवेअर नव्यानं भरण्याची शेवटची पायरी मंडपात कधीही चढू नये. भरता भरता वीज गेली, तर पेटी कायमची बंद पडू शकते. दुरुस्तीसाठी सुमारे दीडशे किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं, आणि तेवढ्यात नवरात्र संपतं.

रीसेटनंतरचा धोका

फॅक्टरी रीसेट झाल्यावर पेटी जिवंत होते, दिवे लागतात, सगळ्यांना हायसं वाटतं. खरा धोका इथूनच सुरू होतो. अनेक मॉडेलमध्ये आता वाटणी उडालेली असते आणि लिमिटर बंद असतो. म्हणजे बेसचे जड ठोके टॉपच्या नाजूक डायफ्रॅमकडे जायला मोकळे. पहिल्याच ढोलाला टॉप जळतो.

म्हणून रीसेटनंतर सगळी आउटपुट म्यूट ठेवावीत. आधी वाटणी भरावी, मग लिमिटर, मग डिले, शेवटी इक्वलायझर. अ‍ॅम्प्लिफायरचे आवाज शून्यावर ठेवून आधी बेस उघडावा आणि हळूहळू वाढवावा. बेसमध्ये गाण्याचे शब्द स्पष्ट ऐकू येत असतील, तर वाटणी लागलेली नाही. टॉप सगळ्यांत शेवटी.

लिमिटरचा आकडा अंदाजानं टाकू नये, तो गणितानं काढता येतो. समजा स्पीकर ८ ओहमचा आणि सतत ५०० वॉट पेलणारा आहे. ५०० गुणिले ८ म्हणजे ४०००, त्याचं वर्गमूळ सुमारे ६३. म्हणजे स्पीकरला ६३ व्होल्टपर्यंत द्यायला हरकत नाही. अ‍ॅम्प्लिफायर ३२ डेसिबल वाढवणारा, म्हणजे ४० पट करणारा असेल, तर प्रोसेसरमधून जास्तीत जास्त १.५८ व्होल्ट निघायला हवेत. प्रोसेसरच्या मापात हे सुमारे अधिक ६ डीबीयू. शाळेतल्या वर्गमुळाएवढं हे गणित कॉइल वाचवतं.

मागच्या रांगेचा हक्क

जानेवारी २०१९ मध्ये ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळात भरलं. त्याचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी त्या दिवशी मराठी साहित्याच्या सर्वात मोठ्या व्यासपीठावरून बोलली. असं बोलणं शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. मोठ्या मंडपात ते घडवून आणतो तो डिले.

२० अंश तापमानाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मंचापासून ३४ मीटरवर मधला स्पीकर उभा केला, तर मंचाचा आवाज तिथे पोचायला साधारण ९९ मिलिसेकंद लागतात. वायरीतून आलेला आवाज मात्र लगेच निघतो. दोन्ही आवाज वेगवेगळ्या वेळी कानावर पडले की शब्द फाटतात. म्हणून मधल्या स्पीकरला तेवढं थांबवायचं, आणि वर आणखी १० ते १५ मिलिसेकंद, म्हणजे बोलणं मंचावरूनच येतंय असं कानाला वाटतं. ४० अंशांवर ध्वनीचा वेग ३५५ मीटरवर जातो आणि हेच अंतर ९६ मिलिसेकंदांत कापलं जातं. जानेवारीतल्या संमेलनाचा प्रीसेट एप्रिलमध्ये जयंतीच्या सभेला तसाच उघडू नये, तो पुन्हा ऐकून घ्यावा.

लिमिटर कायद्याच्याही कामाचा आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार लाऊडस्पीकर वापरला जातो त्या सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या भागासाठी ठरलेल्या ध्वनिमानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाऊ नये. बंद सभागृहासारख्या जागा सोडल्या, तर रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद असतो. राज्य सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवशी ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. सीमेवर मापक धरून लिमिटर बसवला आणि पेटीला कुलूपशब्द लावला, तर उत्साहात कुणी आवाज वाढवला तरी मर्यादा ओलांडली जात नाही. आजारी शेजाऱ्याला आणि परीक्षेच्या मुलाला शांत झोप मिळते.

वहीची सवय

यातलं बरंचसं ज्ञान आज साऊंडवाल्यांच्या डोक्यात आहे. उस्तादाकडून शागिर्दाकडे ते ऐकण्यातून जातं, आणि माणूस धंदा सोडतो तेव्हा बरोबर जातं. ते लिहून ठेवायला हवं. प्रत्येक रॅकसोबत एक वही असावी: कोणत्या आउटपुटला कोणता स्पीकर, वाटणी किती हर्ट्झवर, लिमिटर किती, डिले किती, तारीख आणि ठिकाण. शिवाय प्रत्येक स्क्रीनचा फोटो, आणि जमत असेल तर मांडणीची प्रत पेनड्राइव्हवर.

मंडळांनीही साऊंड ठरवताना वॉट विचारण्याआधी ही वही मागावी. यवतमाळचं शासकीय तंत्रनिकेतन, तालुक्यांच्या आयटीआय आणि बिछायत केंद्रांचे मालक यांनी एकत्र येऊन नवरात्राआधी दोन दिवसांचा वर्ग घेतला, तर त्याचा फायदा आरतीपासून जयंतीच्या सभेपर्यंत सगळ्यांना होईल. वही हाताशी असलेला मुलगा रीसेटला घाबरत नाही. अर्ध्या तासात तो पेटी पूर्ववत उभी करतो, आणि बहुतेक वेळा वही वाचता वाचताच त्याला कळतं की रीसेटची गरजच नव्हती.