लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन: कोणतं सॉफ्टवेअर निवडाल?

लिनक्स टाकलं, आवडलंही. पण दुकानाचा हिशेब ज्या सॉफ्टवेअरवर आहे ते फक्त विंडोजवर चालतं. मग परत मागे जायचं का? गरज नाही. लिनक्सच्या आतच विंडोजसाठी वेगळा, आभासी संगणक उभा करता येतो. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

मी कोलकात्यातून बोलतोय, म्हणून इथलीच एक गोष्ट. १९५६ साली इथल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एचईसी-२एम हा देशातला पहिला डिजिटल संगणक सुरू झाला. तेव्हा एका यंत्रासाठी अनेकांना वाट पाहावी लागे. आज उलट आहे: एका लॅपटॉपच्या पोटात दोन-तीन संगणक मावतात.

आधी दोन गोष्टी तपासा. प्रोसेसरमध्ये इंटेलची व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही ही सोय आहे का? असूनही कधी कधी ती बायोसमध्ये बंद असते. तिथे जाऊन चालू करा. दुसरी गोष्ट रॅम. आठ जीबी असेल तर चार पाहुण्याला द्या, चार घरच्यांना ठेवा. सगळीच दिली, तर दोघंही अडखळतील.

आता निवड. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या कर्नलचाच भाग आहे. क्यूईएमयू त्याच्या जोडीला असतं आणि व्हर्ट-मॅनेजर या खिडकीतून सगळं माऊसने चालवता येतं. वेग चांगला, पैसे शून्य.

व्हर्च्युअलबॉक्स ओरॅकलचं. नवशिक्याला सोपं, शिवाय विंडोजवरही तसंच चालतं. पण त्याचा कर्नल मॉड्यूल वेगळा असतो. कर्नल अपडेट झाला आणि मॉड्यूल नव्याने तयार झाला नाही, तर मशीन सुरूच होत नाही. नेमकं विवरणपत्र भरायच्या दिवशी हे झालं तर? व्हीएमवेअर वर्कस्टेशन २०२४ पासून मोफत आहे, पण मॉड्यूलची ही कटकट तिथेही आहे.

म्हणून माझा सल्ला: रोजच्या कामाला केव्हीएम. शिकायला, किंवा तेच मशीन मित्राच्या विंडोजवर न्यायचं असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स. दोन्हींची मशीन्स एकाच वेळी मात्र चालवू नका. प्रोसेसरच्या त्याच सोयीवरून त्यांचं भांडण होतं.

शेवटचं, पण महत्त्वाचं. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही गेले. हिशेबाच्या फाइलची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवाच. विंडोजचा परवाना आभासी मशीनलाही लागतो. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आहे. ते वापरणार असाल, तर त्या मशीनचं इंटरनेट बंद ठेवा.

आज फक्त प्रोसेसर आणि रॅम तपासून ठेवा. पुढच्या भागात व्हर्ट-मॅनेजर उघडून पहिलं मशीन एकत्रच तयार करू.