पाच गाड्या आणि आगीचा बंब

आम्ही मोटारींचे शौकीन नव्हे. आमचे शिक्षणही कारखान्याच्या दारातलेच. परंतु एखादी वस्तू पाहिली, की ती कोणी घडवली आणि कोणासाठी घडवली, हे दोन प्रश्न आम्ही विचारतोच. आज ते एका अमेरिकन मोटारीविषयी विचारू.

बफेलो शहरातील पिअर्स-ॲरो हा धनिकांच्या गाड्या बांधणारा नामांकित कारखाना. १९२८ साली तो स्टुडबेकर कंपनीच्या ताब्यात गेला. जानेवारी १९३३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात त्याने ‘सिल्व्हर ॲरो’, म्हणजे रुपेरी बाण, ही गाडी मांडली. आराखडा फिलिप राइट यांचा. त्या काळच्या गाड्यांचे मडगार्ड सुटे, पायरीची फळी बाहेर, जादा चाकही बाहेरच लटकलेले. येथे फळी काढून टाकली, मडगार्ड अंगाशी एकजीव केले, जादा चाके पुढल्या मडगार्डांमागच्या कप्प्यांत दडवली आणि पाठ उतरती केली. हेतू हा, की वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा. इंजिन बारा सिलिंडरचे. किंमत दहा हजार डॉलर! फोर्डची गाडी तेव्हा पाचसहाशे डॉलरांत मिळे.

अशा गाड्या झाल्या किती? अवघ्या पाच. साउथ बेंड येथील कारागिरांनी त्या सुमारे तीन महिन्यांत हाताने घडवल्या. आज त्यांतल्या तीन उरल्या आहेत.

आता काळ पाहा. १९३३ साली अमेरिकेत चार कामगारांमागे जवळजवळ एक बेकार होता. मार्चमध्ये खुद्द स्टुडबेकरवर रिसीव्हर बसले. पिअर्स-ॲरो विकली गेली, आणि १९३८ साली कायमची बंद पडली. ज्या मालाला गिऱ्हाईक मूठभर, त्यावर हजारोंच्या चुली किती दिवस पेटणार?

मौज पुढेच आहे. त्या बारा सिलिंडरच्या इंजिनाचे हक्क सीग्रेव्ह कंपनीने घेतले, आणि ते इंजिन पुढे कित्येक वर्षे आगीच्या बंबांत धावले. श्रीमंतांच्या सहलीसाठी जन्मलेले यंत्र गरिबाचे घर विझवायला धावून जाऊ लागले!

कारखाना बुडाला तरी यंत्राला गिऱ्हाईक मिळते. ते घडवणाऱ्या हातांना मिळेलच असे नाही. त्यांची तजवीज आधीच करावी लागते. मंदीने पोळलेल्या अमेरिकेने १९३५ साली कायद्याने संघटनेचा हक्क मान्य केला आणि बेकारी विम्याचा पाया घातला, तो याचसाठी. रुपेरी बाणाकडे कौतुकाने जरूर पाहावे; पण पाहताना हा हिशेब विसरू नये, एवढेच आमचे सांगणे.