उसना हेल

रत्नागिरीबाहेरच्या माणसाला ‘जरा कोकणी बोलून दाखव’ म्हटलं, की तो दोन गोष्टी हमखास करतो. एक, नाकात बोलायला लागतो. दुसरी, ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ असे शब्द पेरतो. हे शब्द मालवणी, म्हणजे खालच्या सिंधुदुर्गाकडचे. नाकातलं बोलणं रत्नागिरीचं खरं, पण प्रामुख्याने चित्पावनांच्या घरांतलं. कुणबी वाड्यांवर संगमेश्वरी चालते, मोहल्ल्यांत कोकणी मुसलमानांची बोली. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातल्या मराठीच्या खंडात १९०५ सालीच संगमेश्वरी, बाणकोटी, चित्पावनी, कुडाळी अशा वेगवेगळ्या नोंदी आहेत. नक्कल करणाऱ्याला त्याचं काय? त्याचा कोकणी माणूस पु. ल. देशपांड्यांचा अंतू बर्वा आणि मच्छिंद्र कांबळींनी गाजवलेलं गंगाराम गवाणकरांचं नाटक ‘वस्त्रहरण’ (१९८०) यांच्या मिश्रणातून तयार झालेला असतो. असा माणूस रत्नागिरीत शोधून सापडायचा नाही.

हा उसना हेल बनतो कसा, ते पाहण्यासारखं आहे.

सुरुवात कानापासून होते. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडातल्या, इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या तान्ह्या मुलांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना त्यांतला फरक कळत होता. वर्षाच्या आसपास पोचलेल्या बहुतेकांना तो कळेनासा झाला होता. घरात जो भेद ऐकू येत नाही, तो कान सोडून देतो. उलट, लहानपणी कानावर पडलेलं परकं राहत नाही. ब्रिटिशांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या थिबा राजाची नात टूटू इथेच वाढली आणि इथल्यासारखीच मराठी बोलली. तिच्या मराठीला उसनी कोण म्हणेल?

मोठेपणी मात्र कान ढोबळ होतो. परक्या बोलीतलं जे सगळ्यांत वेगळं वाटतं, तेवढंच तो उचलतो. कोकणच्या बाबतीत ते म्हणजे नाक. टाळूचा मागचा मऊ भाग खाली आला, की थोडी हवा नाकातून जाते आणि स्वर सानुनासिक होतो. जुन्या पुस्तकांत ‘तें’, ‘केलें’ अशा नपुंसकलिंगी रूपांवर अनुस्वार दिसतो. प्रमाण मराठीत त्याचा उच्चार होईनासा झाला होता, म्हणून १९६२च्या लेखननियमांनी तो लिहिण्यातूनही काढून टाकला. कोकणातल्या काही बोलींत त्या जागी नाकातला स्वर अजून उरला आहे. म्हणजे बोलणारा माणूस नाक उगाच वापरत नाही, ते व्याकरणाचं काम करतं. नक्कल करणाऱ्याला त्या जागा ठाऊक नसतात. सगळ्याच पदार्थांत हिंग घालावा तसा तो प्रत्येक शब्द नाकातून काढतो, आणि ऐकणाऱ्या रत्नागिरीकराला दुसऱ्याच वाक्याला कळतं की गडी बाहेरचा आहे.

हीच चूक उलट दिशेनेही होते. ‘पानी’ म्हणणारं खेड्यातलं पोर शहरात शिकायला येतं, हसं होतं, मग ते ‘ण’ पक्का करतं. इतका पक्का की ‘मन’चं ‘मण’ आणि ‘वाहन’चं ‘वाहण’ होतं. यंत्रणा अगदी तीच: एक खूण पकडायची आणि ती नको तिथेही लावायची. पण हेल खालून वर उसना घेतला तर त्याला आपण ‘शुद्ध बोलणं’ म्हणतो आणि शाबासकी देतो, वरून खाली घेतला तर ती नक्कल ठरते. हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

शब्द आणि अक्षरं पुष्कळांना जमतात. सुटतो तो सूर. कुठला स्वर लांबवायचा, वाक्य कुठे चढवून कुठे सोडायचं, हे शिकवणंही अवघड आणि ऐकून उचलणंही कठीण. शिवाय आपल्या बोलीच्या हालचाली लहानपणापासून अंगवळणी पडलेल्या असतात, उसन्या हेलाला सतत लक्ष द्यावं लागतं. लक्ष दुसरीकडे गेलं की तो गळून पडतो. पायाला ठेच लागली, भांडण पेटलं, मनातल्या मनात हिशेब करायची वेळ आली, की मूळचं बोलणं बाहेर येतं.

यात चाकरमान्यांना मी धरत नाही. गणपतीला रत्नागिरी स्टेशनवर उतरलेला परळचा माणूस रिक्षात बसेपर्यंत गावचं बोलायला लागतो, आणि बहुतेकदा त्याला ते कळतही नाही. समोरच्याच्या बोलण्याकडे सरकण्याची ही ओढ हॉवर्ड जाइल्स या अभ्यासकाने १९७०च्या दशकात मांडली. माणूस जवळचा वाटला की आपण त्याच्याकडे सरकतो, नकोसा वाटला की लांब.

लांब जाण्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर उन्हाळ्यात शहरी पाहुण्यांची झुंबड उडते. विल्यम लाबोव्हच्या १९६३च्या अभ्यासात दिसलं, की बेटावरच राहायचं ठरवलेली तरुण मंडळी जुन्या कोळ्यांसारखे स्वर उच्चारत होती; बेट सोडून जाऊ पाहणाऱ्यांच्या बोलण्यात ते फारसे नव्हते. गणपतीपुळ्याला पर्यटकांच्या खोल्या सांभाळणारा पोरगा आणि मुंबईला निघालेला त्याचाच भाऊ यांचं बोलणं शेजारी ठेवून ऐकलं, तर असंच काही सापडेल असं मला वाटतं.

धंद्यासाठी घेतलेला हेल ही वेगळी जात. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी एप्रिल-मेमध्ये मुंबई-पुण्याच्या बाजारात कर्नाटकातला आंबा ‘रत्नागिरी’ म्हणून खपवल्याच्या तक्रारी येतातच. पेटीवर छापलेलं नाव पुरेसं वाटत नाही, तेव्हा काही विक्रेते ‘आमच्याच बागेतला हो’ हे वाक्य नाकातून सोडतात. त्यांना डझनभर आंबे मोजायला लावावेत आणि पुटपुटणं कोणत्या बोलीत चाललंय ते ऐकावं. अर्थात त्यावरून विक्रेता कुठला तेवढंच कळेल. आंबा कुठला ते ओळखायला त्याचं नाक उपयोगाचं नाही, आपलं लागतं.